चौदाव्या दिवसाचा नियम

अविनाश, तुझ्या शोकसभेला समोसे होते. हिरवी चटणी, लाल चटणी, वर कागदी पेल्यातून चहा. सभागृहाच्या दारात फ्लेक्स लावला होता. त्यावर तुझा फोटो पासपोर्टएवढा आणि शोक करणाऱ्यांचे फोटो कलिंगडाएवढे. मी त्या फ्लेक्ससमोर उभी राहिले आणि सवयीने डावीकडे वळले. यावर हसायला शेजारी कुणी नव्हतं.

जुने कागद जपणाऱ्या आपल्या मंडळाचे अध्यक्ष वीस मिनिटं बोलले, त्यातली सोळा स्वतःवर. उरलेल्या चारात तू चंदनासारखा झिजलास म्हणे. तू झिजला वगैरे नव्हतास. तुझं वजन वाढलं होतं, आणि डॉक्टरने सांगूनही स्टेशनबाहेरचा वडापाव तू सोडला नव्हतास. मग त्यांनी तुझ्या नावाने ‘स्मृती दालन’ उभारायची घोषणा केली. टाळ्या पडल्या. शोकसभेत टाळ्या. मी त्यांना जिन्यात गाठलं.

“दालन कुठे करणार, साहेब?”

“बघू ना. तूर्तास तुमचा पोटमाळा आहेच की, वंदनाताई.”

अकरा वर्षांत या माणसाने मंडळाला एक कपाट दिलं नाही. दिलं ते लेटरहेडवर स्वतःचं नाव.

तुला ‘किळस’ हा शब्द चालायचा नाही. “चिडावं गं, भांडावं, पण किळस नको. किळस आली की माणूस हात लावत नाही, आणि आपलं सगळं काम हात लावायचंच आहे,” असं तू म्हणायचास, झुरळांच्या लेंड्या ब्रशने झाडत. तरी आज लिहिते. मला किळस आलीय. त्या फ्लेक्सची आलीय, त्या दालनाची आलीय. तुझ्या मुलाची आली होती, ती थोडी उतरली. तुझीही आलीय. सगळ्यात जास्त माझी. ती का, ते तुला माहीत नाही, कारण ते तू गेल्यानंतर झालं. म्हणून हे लिहायचं.

तू पहिल्यांदा माझ्या गाळ्यात आलास तो दिवस मला आठवतो, कारण तू माझा अर्धा तास खाल्ला होतास. चारकोपच्या इंडस्ट्रियल इस्टेटमधला माझा पुठ्ठ्याच्या खोक्यांचा कारखाना. दुपारची वेळ, ट्रक भरायचा होता, आणि खांद्यावर कापडी पिशवी लावलेला एक माणूस विचारत होता, “पिना न मारता खोकी मिळतील का? पिना गंजतात. कागदाला डाग पडतात.”

“किती हवीत?”

“आत्ता सहा.”

“सहा हजार?”

“सहा.”

मी तुला हाकलायला हवं होतं. पण तू विचारलंस, तुमच्या घरी जुनं काही आहे का. मी म्हटलं, आमच्या घरी काय असणार, आम्ही कोकणातून आलेली गिरणीतली माणसं, आमच्याकडे कसला इतिहास. मग तू नेमकं विचारलंस: चाळीत पत्रं कोण लिहून द्यायचं? मी म्हटलं, आई. तिला लिहिता यायचं, म्हणून मजल्यावरच्या सगळ्या बायकांची गावाला जाणारी पत्रं ती आधी एका वहीत कच्ची लिहायची आणि मग कार्डावर उतरवायची. ती वही माझ्याकडे होती. ट्रंकेच्या तळाला, किल्ल्यांच्या डब्याखाली. तू ती दोन्ही हातांनी घेतलीस. चाळीस बायका काय काय म्हणत होत्या ते त्या वहीत होतं, आणि मी तिच्यावर डबा ठेवला होता.

त्यानंतर तुला सहा खोकी मिळाली आणि मला कार्यवाहपद. पोटमाळाही माझाच गेला. पैसे आपल्याकडे नव्हतेच, त्यामुळे आपण विकत फारसं काही घेतलंच नाही. लोणच्याच्या एका कंपनीचं नाव चुकीचं छापलं गेलेला अख्खा लॉट माझ्याकडे पडून होता. आज बोरीवलीपासून मुलुंडपर्यंतच्या माणसांची पत्रं, नकाशे, सोसायट्यांची इतिवृत्तं, लग्नाच्या याद्या, सगळं ‘आंबा लोणचे’ असं लिहिलेल्या खोक्यांत आहे. आत जुन्या सुती धोतरांचं अस्तर. ती धोतरं कुठून मिळायची हे मी शोकसभेत सांगितलं नाही. समोसे खाणाऱ्यांना घास गेला नसता.

जिथून कागद मिळायचे, तिथूनच धोतरं मिळायची. माणूस गेलेल्या घरांतून.

आपली कामाची पद्धत बाहेरच्या कुणाला सांगितली तर तोंड वाकडं करेल. सकाळी तू पेपरातल्या निधनाच्या बातम्या वाचायचास. संध्याकाळी फिरताना सोसायट्यांच्या फाटकावरचे फळे. ‘दुःखद निधन’, खाली नाव आणि फ्लॅट नंबर. तू तारीख टिपून घ्यायचास आणि दिवस मोजायचास. तेराव्याला गोड जेवण होतं, चौदाव्याला सकाळी पाहुणे गावाला परत जातात, घर रिकामं होतं, आणि पहिल्यांदा कुणीतरी गेलेल्याचं कपाट उघडतं. नेमका त्या दिवशी तू दार वाजवायचास. हातात वेलची केळ्यांची एक डझन. बसायचं, चहा घ्यायचा, गेलेल्या माणसाबद्दल ऐकायचं, आणि उठताना, चपला घालता घालता विचारायचं: “त्यांचे कागद काही असतील तर टाकू नका. आम्ही नीट ठेवतो.”

पंधराव्याला किंवा येणाऱ्या रविवारी रद्दीवाला येतो. तुझं गणित एका दिवसाचं होतं.

मी पहिल्या वर्षापासून सांगत होते, आधी जा. नऊ-दहा दिवस झाले की जा. तुझं उत्तर ठरलेलं: “तेरा दिवस घराचे, वंदना. चौदावा आपला. आपण गिधाडं नाही.”

“गिधाडं वेळेवर तरी येतात,” मी म्हणायचे. तू हसायचास आणि नियम तसाच ठेवायचास.

मग मरोळ झालं. तिथल्या एका जुन्या फोटोग्राफरचं निधन झालेलं तू फळ्यावर वाचलंस. त्यांच्याकडे काचेच्या निगेटिव्ह होत्या, हे तुला आधीच माहीत होतं. इंडस्ट्रियल इस्टेट यायच्या आधीचं मरोळ. शेतं, विहिरी, बैलगाड्या, लग्नं. म्हाताऱ्याने तुला एकदा दोन काचा उजेडात धरून दाखवल्या होत्या, आणि तू आठवडाभर दुसरं काही बोलत नव्हतास. मी तुला पाचव्या दिवशी सांगितलं जा, आठव्या दिवशी सांगितलं जा. तू चौदाव्या दिवशी गेलास. मी सोबत होते. जावयाने आपल्याला आनंदाने घर दाखवलं. देवघरातल्या सगळ्या तसबिरींना नव्या काचा बसवल्या होत्या. बाराव्याच्या पूजेसाठी. सासऱ्यांच्या काळ्या काचा सोड्याच्या गरम पाण्यात घातल्या की अगदी स्वच्छ निघतात, म्हणाला, विकत घ्यायची गरजच पडली नाही.

तू त्या गणपतीच्या तसबिरीकडे बघत बसलास. केळी मांडीवर तशीच.

परतताना रिक्षात मी काय काय बोलले ते आठवतंय. तू एवढंच म्हणालास, “घरात सुतक होतं गं.”

“सुतक माणसांना होतं. काचांना नव्हतं.”

गाळ्यावर पोचल्या पोचल्या मी राजीनामा लिहिला. हाताशी डिलिव्हरी चलनाचं पुस्तक होतं, त्यातलं पिवळं पान फाडलं आणि त्याच्या मागे लिहिलं: ‘मी कार्यवाहपद सोडत आहे. कारण: तू माणसांना घाबरतोस. काचा गेल्या.’ खाली सही. तुझ्या पिशवीत कोंबला.  सोमवारी संध्याकाळी नेहमीसारखा आलास, पोटमाळ्याची शिडी चढलास आणि वरून ओरडलास, “वंदना, पिना नसलेली अजून चार मिळतील का?” मी चार खोकी वर फेकली. राजीनाम्याचं काय झालं, हे ना मी विचारलं ना तू सांगितलंस. पाच वर्षं.

आता लाल वही. आपलं दुसरं भांडण. हे शेवटपर्यंत मिटलं नाही.

खोक्यांवर आणि कागदांवर तू फक्त पेन्सिलीने क्रमांक घालायचास. नाव नाही, गाव नाही. “लोकांच्या घरातलं आहे, शिडी चढून येणाऱ्या प्रत्येकाने का वाचावं?” कुठला क्रमांक कुणाचा, ते सगळं एका लांबट लाल वहीत. क्रमांक, वस्तू, कुणाकडून, कधी, आणि शेवटी एक रुंद रकाना: शेरा. देणाऱ्याच्या अटी त्या रकान्यात. आणि अटींशिवाय तुला जे लिहावंसं वाटे ते. ती वही तू घरी न्यायचास, कारण शेरे घरी, रात्रीचं जेवण झालं की लिहायचास, तेही पेन्सिलीने. माणसाबद्दलचं मत बदलतं, खोडता आलं पाहिजे, म्हणून.

मी किती वेळा म्हटलं, इथे ठेव. नाहीतर मोबाइलवर फोटो काढू दे, दीड तासाचं काम आहे. “शेरे अजून कच्चे आहेत गं.” एकदा तू चहा सांगायला खाली गेलास तेव्हा मी फोटो काढायला घेतले. नऊ पानं झाली. तू वर आलास, वही हातातून काढून घेतलीस, कापडी पिशवीत घातलीस आणि मला कटिंग दिलास. ती नऊ पानं माझ्या फोनमध्ये आहेत. एकशे त्रेचाळीस क्रमांकापर्यंत. वहीत सहाशेच्या वर नोंदी होत्या.

त्या फोटोंमध्ये सत्तावीस क्रमांक आहे. ‘एका विहिरीच्या वादाची कागदपत्रं. देणाऱ्या आजींनी दोनदा चहा पाजला. वाद अजून चालू आहे, दोन्ही घरांना आपलंच खरं वाटतं. दोघांनाही दाखवू नये.’ आणि नऊ क्रमांक आहे, माझ्या आईची वही. ‘चाळीतल्या बायकांच्या पत्रांचा कच्चा खर्डा. हस्ताक्षर सुरेख. मुलीचं तसं नाही.’

मेल्या.

तू गेलास तेव्हा तुझ्या मुलाचा, निखिलचा फोन आला, मी गाळा बंद करून निघाले. तुझ्या त्या दोन खोल्यांत माणसं दाटली होती. मला उभं राहायला जागा मिळाली ती मधल्या बोळात, लोखंडी कपाटाजवळ. तुला बाहेरच्या खोलीत निजवलं होतं. मी मान वर केली आणि कपाटावर लाल वही दिसली. कडेला, थोडी पुढे आलेली, जशी तू घाईत ठेवायचास तशी. टाचा उंचावायची गरज नव्हती. हात वर केला की आली असती. माझी पर्स मोठी आहे, तू नेहमी हसायचास तिला.

मी हात वर केला नाही.

जी बाई अकरा वर्षं ‘आधी जा, आधी जा’ म्हणून तुझं डोकं खात होती, ती तुझ्या घरात, तुझ्या वहीखाली उभी राहिली आणि म्हणाली, तेरा दिवस घराचे. तुझ्याच घरात तुझा नियम मोडायचा मला धीर झाला नाही. वाटलं, हा आता उठून म्हणेल, वंदना, गिधाडं का आपण? त्या दिवसानंतर मी तिकडे गेलेच नाही, दहाव्याला घाटावरही नाही, माल जायचा होता. आणि दिवस मोजले.

चौदाव्या दिवशी सकाळी वेलची केळी घेतली. एक डझन. दार तुझ्या सुनेने, पल्लवीने उघडलं. पाहुणे गेले होते. घर एवढं मोठं होतं हे मला माहीतच नव्हतं. बोळात कपाट नव्हतं.

“काकी, या ना. बसा. चहा टाकते.”

“कपाट कुठे गेलं गं?”

“ते होय? दिलं ना. बाराव्याला किती पानं होती माहितीये? माणसं बसवायची कुठे? दहाव्याच्या आदल्या दिवशी सगळं काढलं.”

“आणि वरचे कागद? वही होती एक. लाल.”

पल्लवीने निखिलकडे बघितलं. निखिल मोबाइल खाली ठेवून म्हणाला, “रद्दीवाल्याला दिलं सगळं. हातगाडी भरून गेलं, काकी. आईला जाऊन सात वर्षं झाली, तेव्हापासून सांगत होतो बाबांना, पसारा आवरा. मंडळाचं सगळं तुमच्याकडेच असतं ना, चारकोपला? हे घरचं होतं.”

“एक फोन करायचास रे.”

 त्याने आवाज चढवला नाही. “काकी, तुम्ही एक फोन करायचात. त्या दिवशी तुम्ही त्या कपाटालाच टेकून उभ्या होतात.”

पल्लवी स्वयंपाकघरातून म्हणाली, “महत्त्वाचं होतं का हो काही?”

काय सांगणार होते? मी चहा घेतला. गेलेल्या माणसाबद्दल ऐकलं. शेवटच्या दिवशी सकाळी तू पोह्यांना नाव ठेवलंस, एवढं पल्लवीने सांगितलं आणि रडली. तिची किळस धरून ठेवणं मला जमलं नाही. तीस माणसांना जेवायला बसवायला जागा हवी, हे खोटं नव्हतं. निखिलही खोटं बोलला नव्हता, आणि तेच मला सहन होत नव्हतं.

तिथून तडक हरीशभाईंच्या दुकानात गेले. स्टेशनच्या गल्लीतला तुझा रद्दीवाला. पंधरा वर्षं तू त्याच्या वजनकाट्याशेजारच्या स्टुलावर बसून गठ्ठे उलगडायचास. मला बघून तो खूश झाला.

“बेन, साहेब कुठे हाय? दोन आठवडे दिसला नाय. तब्येत बरी हाय ना? त्याचा माल बाजूला ठेवलाय मी.”

“कसला माल?”

“मस्त माल हाय. चार-पाच दिवस झाला, एक गाडी आली होती. जुना कागद, हाताने लिहिलेला. बघितला आणि बोललो, हा साहेबचा माल.” त्याने टेबलाखालून सुतळीने बांधलेला गठ्ठा काढला.

गठ्ठ्यावर वरच तुझ्या वडिलांचं रेशनकार्ड होतं.

मी त्याला सांगितलं. आधी तू गेलास ते, मग हा गठ्ठा कुणाच्या घरातला ते. हरीशभाई तुझ्या स्टुलावर बसला. मग म्हणाला, “गाडीवाला घेऊन येतो बेन. घर कोणाचा, मी नाय विचारत. साहेबच्या घरातून साहेबचा माल, मी साहेबसाठीच ठेवला.”

“हरीशभाई, एक लाल वही होती त्यात. लांब.”

त्याने डोळे मिटून आठवलं. “होती. हिसाबच्या वहीसारखी. ती नाय ठेवली. मागची पानं कोरी होती, कागद नवा होता. साहेबच बोलला होता मला, नवी हिसाबची वही ठेवू नको, जागा खाते, जुना पिवळा कागद बघ. ती पेपर मिलच्या ट्रकमध्ये गेली.”

तू शिकवलं होतंस त्याला. बरोबर शिकवलं होतंस. तो चुकला नाही, निखिल चुकला नाही, पल्लवी चुकली नाही. सगळे आपापल्या जागी इतके बरोबर होते की भांडायला मला त्या गल्लीत कुणीच उरलं नाही. हरीशभाईने गठ्ठा वजन न करता माझ्या हातात दिला आणि दुकानाचं शटर अर्धं खाली ओढलं. तुझ्यासाठी खाली आलेलं ते एकमेव शटर मी बघितलं. अध्यक्षांच्या वीस मिनिटांपेक्षा ते जास्त होतं.

त्यानंतर काय झालं ते तुला कळायला हवं. मागच्या आठवड्यात मी पोटमाळ्यावर एक खोकं उघडलं. तीनशे अठ्ठ्याऐंशी. आत शाळेच्या वह्या. एक उघडली, दीड पान वाचलं. कुठल्या चाळीतली कोण बाई, कितवं बाळंतपण, आणि मूल खरं कुणाचं. मग लख्ख आठवलं, मुलुंडच्या त्या नर्सबाईंच्या वह्या. घरोघर बाळंतपणं करायच्या. त्यांच्या मुलीने काहीतरी अट घालून दिल्या होत्या. अट वहीत होती. मी वाचायला नको होतं ते वाचलं, कारण वाचू नये हे ज्या पानावर लिहिलं होतं त्याचा एव्हाना लगदा झालाय. पोटमाळ्यावरच्या साडेचारशेहून जास्त क्रमांकांचं आता हेच आहे. कुणी विश्वासाने काय दिलं आणि काय बजावून दिलं, कुणालाच माहीत नाही. ही चोरीच आहे, फक्त आपण नीट अस्तर लावून ठेवलेली.

मी मुलुंडला गेले. त्या मुलीच्या, म्हणजे आता साठीच्या बाईंच्या घरी.

“अहो, अविनाशभाऊंनी सगळं लिहून घेतलं होतं की,” त्या म्हणाल्या.

“वही गेली. माझ्यामुळे गेली. परत सांगा, मी लिहून घेते.”

त्यांनी परत सांगितलं. त्यातलं एकही नाव जिवंत आहे तोवर उघडायचं नाही. मी लिहून घेतलं, त्यांना वाचून दाखवलं, सही घेतली. त्यांनी तुझ्याबद्दल विचारलं. दर वेळी डझनभर केळी आणायचे, एवढी खाणार कोण, असं म्हणाल्या.

आता असं एकेक घर करायचं आहे. कुठलं खोकं कुठल्या घरचं, हे निम्म्याहून जास्त मला कधीच कळणार नाही. ती उघडणार नाही. लोणच्याच्या नावाने तशीच राहू देत.

आणि नियम मी बदललाय. परवा आमच्या गल्लीतल्या सोसायटीच्या फळ्यावर नाव आलं. मी त्याच दिवशी गेले, दारातच उभी राहिले आणि मुलीला म्हटलं, “कागद टाकू नका. चौदाव्या दिवशी येते.” ती म्हणाली, “बरं.” एवढंच. एक वाक्य. तू तेरा दिवस पाळायचं म्हणत होतास, मी मोडायचे म्हणत होते. अकरा वर्षं त्यावर घसा कोरडा केला. दारात एक वाक्य बोलून ठेवावं, हे आपल्या दोघांपैकी एकाच्याही डोक्यात आलं नाही. मरोळच्या काचा राहिल्या असत्या. तुझी वही राहिली असती. याची किळस मला मरेपर्यंत पुरेल.

हरीशभाईचा गठ्ठा मी सावकाश उघडला. रेशनकार्ड, तुझ्या आईची तीन पत्रं, बोरीवलीच्या टेकडीचा एक फोटो, त्यात इमारती नाहीत. आणि तळाला एक पिवळा कागद. हरीशभाईला तो फार जुना वाटला असणार. चलनाची तिसरी प्रत पिवळीच येते. माझा राजीनामा.

त्याच्या उजव्या कोपऱ्यात पेन्सिलीने, तुझ्या बारीक आकड्यांत: २१४.

नोंद केली होतीस तू त्याची. क्रमांक दिला होतास, म्हणजे वहीत ओळ होती. ‘कुणाकडून’च्या रकान्यात माझं नाव होतं. आणि पुढे शेरा होता. विहिरीच्या भांडणाला तू तीन वाक्यं दिली होतीस. या राजीनाम्याला काय दिलंस? ‘बरोबर बोलते’? ‘हस्ताक्षर अजून तसंच’? मरोळच्या काचांबद्दल, त्या रिक्षाबद्दल, तू मला जे पाच वर्षं तोंडाने सांगितलं नाहीस ते तू तिथे लिहिलं होतंस, याची मला खात्री आहे. आणि फोटो एकशे त्रेचाळीसवर थांबतात. तुला चहा आणायला अजून दहा मिनिटं लागली असती तर.

नवी लाल वही आणलीय. लांबट. तुझ्यासारखेच रकाने आखलेत, शेऱ्याचा सगळ्यात रुंद. फोनमधली नऊ पानं उतरवून झाली. मुलुंडची नोंद झाली. वही पोटमाळ्यावर राहते, आणि दर शनिवारी फोटो निघतात. काल दोनशे चौदाची ओळ घेतली. वस्तू: राजीनामा, चलनाच्या पाठीमागे. कुणाकडून: वंदना. कधी: मरोळहून परत आलो त्या दिवशी.

शेऱ्यापाशी बराच वेळ बसले. खाली माणसं मशीन बंद करून निघून गेली. मग पेन्सिल घेतली आणि लिहिलं: नामंजूर.

तुझं म्हणणं वेगळं असेल तर खोडता येईल.